इमॉर्टल आयर्न फिस्ट: छोट्या चौकटी, मोठी मारामारी आणि सहासष्ट वारसदार

प्रश्न थोडक्यात असा होता. कॉमिक काढायला शिकतोय, सगळे म्हणतात म्हणून मार्व्हलचं 'द इमॉर्टल आयर्न फिस्ट' वाचायला घेतलं, पहिले सहा अंक झाले. आता तीन शंका. मध्येच चित्रकार का बदलतात, त्याने लिंक तुटते. मारामारीत पानभर दणदणीत चित्र काढायचं सोडून एवढ्या बारक्या बारक्या चौकटी कशाला. आणि स्टोरी खरंच चांगली आहे की नुसत्या आर्टवर खपलंय.

मी अ‍ॅनिमेशनसाठी स्टोरीबोर्ड करतो, त्यातलं निम्मं काम हाणामारीचंच असतं, त्यामुळे या विषयावर जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बस. आणि तिसऱ्या शंकेपासून सुरू करतो कारण तिचं उत्तर बाकी दोन्हीत आहे. या सिरीजमध्ये स्टोरी आणि आर्ट वेगळे काढताच येत नाहीत. गोष्ट वारशाची आहे, एक मूठ शेकडो वर्षं हातातून हातात येतेय अशी, आणि ती गोष्ट शब्दांनी जेवढी सांगितलीय त्यापेक्षा जास्त चित्र कोण काढतंय यावरून सांगितलीय. म्हणजे तुला जो गोंधळ वाटला तोच मुद्दा आहे. पण तो कळायला थोडं मागे जावं लागेल.

आयर्न फिस्ट पहिल्यांदा आला १९७४ मध्ये, मार्व्हल प्रीमियरच्या १५ व्या अंकात, लेखक रॉय थॉमस, चित्रकार गिल केन. तेव्हा अमेरिकेत कुंग फूची लाट होती, टीव्हीवर कुंग फू नावाचीच मालिका चालू होती, ब्रूस ली १९७३ च्या जुलैत गेला आणि महिन्याभरात त्याचा सर्वात मोठा सिनेमा अमेरिकेत लागला, मग काय, प्रत्येकाला आपला एक कराटेवाला हवा होता. डॅनी रँडची, म्हणजे आयर्न फिस्टची, गोष्ट तुला माहितीच आहे, नऊ वर्षांचा पोरगा, बाप वेंडेल एका गूढ शहराच्या शोधात बायको-पोराला घेऊन हिमालयात जातो, तिथे बापाचाच बिझनेस पार्टनर बापाला मरू देतो, आई लांडग्यांच्या तोंडी जाते, पोरगा कुनलुन शहरात वाढतो, लेइ कुंग त्याला शिकवतो, शेवटी शाओ लाओ नावाच्या ड्रॅगनला हरवून त्याच्या धगधगत्या हृदयात मुठी घालतो आणि ती ताकद मिळते. कुनलुनचं दार आपल्या जगात दहा वर्षांनी एकदाच उघडतं, म्हणून तो एकोणीस वर्षांचा झाल्यावर बाहेर येतो सूड घ्यायला.

त्या सत्तरच्या दशकातल्या अंकांत एक मजेशीर गोष्ट होती, निवेदन द्वितीय पुरुषात होतं. म्हणजे 'तो उडी मारतो' असं नाही, 'तू उडी मारतोस, तुझ्या मुठीत आग आहे' या थाटात. वाचताना आधी भारी वाटतं, मग दहा पानांनी डोकं दुखायला लागतं, कारण चित्रात जे दिसतंय तेच कॅप्शन परत सांगतंय. लाथ दिसतेय आणि वर लिहिलंय तू लाथ मारतोस. अरे दिसतंय ना. पण तेव्हाची पद्धतच होती ती, आणि खरं सांगायचं तर त्याची गरजही होती, कारण गिल केन नंतर चित्रकार भराभर बदलत गेले, लॅरी हामा, आर्व्हेल जोन्स, पॅट ब्रॉडरिक, प्रत्येकाच्या हातात डॅनी वेगळा, मग सलगपणा आणायचं काम शब्दांवर पडलं.

केनची पानं मात्र बघच. माणूस शरीररचनेत वाघ होता. त्याची पात्रं नेहमी खालून बघितल्यासारखी, नाकपुड्या दिसतायत अशी (यावर लोक आजही विनोद करतात), आणि मार बसलेला माणूस थेट वाचकाच्या अंगावर उडत येतोय. ही जुनी सुपरहिरो पद्धत. तिच्यात जोर असतो फटका बसल्यानंतरच्या क्षणात, ठोसा मारून झालाय, समोरचा भिंत फोडून चाललाय. ताकद दाखवायला हे उत्तम. पण कुंग फू म्हणजे ताकद नाही ना रे, कुंग फू म्हणजे अंतर, वेळ, मनगट कुठे वळलं, वजन कोणत्या पायावर आहे. भिंत फोडून गेलेल्या माणसाच्या चित्रात यातलं काहीच दिसत नाही. हीच चित्र हल्क किंवा थॉरच्या अंकात चिकटवली तरी चालतील. मार्शल आर्टवाल्या सुपरहिरोचा खरा प्रॉब्लेम हाच, कौशल्य कसं काढायचं.

हा प्रॉब्लेम मार्व्हलमध्ये आधी सोडवायला घेतला तो दुसऱ्या सिरीजने, शांग-ची, मास्टर ऑफ कुंग फू. स्टीव्ह एंगलहार्ट आणि जिम स्टार्लिनने १९७३ ला सुरू केली, पण गाजली ती लेखक डग मेंच आणि चित्रकार पॉल गुलासी यांच्या काळात. गुलासी सिनेमाचा माणूस. शांग-चीचा चेहरा सरळ ब्रूस लीवर बेतलेला, बाकी पात्रांनाही जुन्या हॉलिवूड नटांचे चेहरे, आणि मारामारी काढायचा तो एकच हालचाल चार-पाच उभ्या पट्ट्यांत तोडून, फिल्मची रीळ ठेवावी तशी. फार सुंदर दिसतं. पण त्यात एक अडचण आहे जी स्टोरीबोर्डवाल्याला पटकन दिसते, सगळे तुकडे सारख्या लांबीचे असले की वेग सपाट होतो. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम पळतात म्हणून ते चालतं, कागदावर वाचक प्रत्येक पट्टीवर सारखाच थांबतो.

नंतर जीन डे आला. त्याने वेगळंच केलं, दोन पानं मिळून एकच मोठी जागा काढायची, जिना, दालन, खांब, सगळं एकसंध, आणि त्यावर चौकटींच्या रेघा अशा टाकायच्या की तोच हिरो त्या एकाच जागेतून पुढे पुढे सरकताना दिसतो. जागा कायम, वेळ बदलतेय. मला विचारशील तर सुपरहिरो कॉमिकमध्ये जागेचा एवढा अभ्यास फार कमी लोकांनी केलाय. बिचारा १९८२ मध्ये गेला, वय फक्त ३१. सिरीज पुढच्या वर्षी १२५ व्या अंकावर बंद पडली. आणि यात फू मांचू हा दुसऱ्याच्या कादंबऱ्यांतला व्हिलन परवान्याने वापरलेला होता, त्यामुळे परवाना संपल्यावर अनेक वर्षं याची पुस्तकं छापताच येत नव्हती, २०१६ ला कुठे जाडजूड खंड निघाले. म्हणून आपल्याकडच्या पोरांना आयर्न फिस्ट माहीत असतो पण गुलासी आणि डे माहीत नसतात. शोधून बघ. फक्त शांग-चीला जो विचित्र नारिंगी-पिवळा रंग दिलाय तो बघून तुला त्रास होईल, व्हायलाच पाहिजे, तेव्हाच्या रंगवाल्यांनी चिनी माणसाचा रंग म्हणजे हे असंच ठरवून टाकलं होतं.

आता तुझ्या दुसऱ्या शंकेवर.

द इमॉर्टल आयर्न फिस्ट २००६ च्या शेवटी सुरू झालं, लेखक एड ब्रुबेकर आणि मॅट फ्रॅक्शन, चित्रकार डेव्हिड आखा, रंग मॅट हॉलिंग्जवर्थ. त्याच्या आधी ब्रुबेकर डेअरडेव्हिल लिहीत होता, तिथे मॅट मरडॉक, म्हणजे खरा डेअरडेव्हिल, तुरुंगात असताना बाहेर कोणीतरी डेअरडेव्हिल बनून फिरतोय असा ट्रॅक होता आणि तो कोणीतरी म्हणजे डॅनी निघतो. आखानेही त्या सिरीजचा एक अंक केला होता. म्हणजे टीम तिथूनच जमत आली होती.

आखाने गिल केन, गुलासी, डे या सगळ्यांचं वाचलेलं आहे हे दिसतं, पण त्याने उत्तर वेगळं काढलं. तो पात्राची पूर्ण आकृती काढतो, डोक्यापासून पायापर्यंत, मध्यम अंतरावरून, कॅमेऱ्याचे नखरे नाहीत, म्हणजे कोण कुठे उभा आहे आणि वजन कुठे आहे ते स्वच्छ कळतं. आणि मग बऱ्याच पानांवर त्या मोठ्या चित्राच्या अंगावर एक छोटीशी चौकट बसवतो, कधी चौकोनी, कधी गोल, तिच्यात फक्त संपर्काची जागा, कोपराच्या सांध्यावर आलेला तळहात, जबड्याला लागलेली मूठ, घोट्यावर बसलेली टाच. बस. तेवढंच.

यातून काय होतं ते बघ. मोठ्या चित्रावर नजर रेंगाळते कारण बघायला भरपूर आहे. छोट्या चौकटीवर नजर टिचकी मारल्यासारखी लागून पुढे जाते. म्हणजे वाचकाचा वेळ चौकटीच्या आकारावरून ठरतोय. मोठं, बारीक, बारीक, मोठं, अशी लय तयार होते, आणि फटका नेमका त्या बारीक चौकटीत पडतो. तबल्यावर तुकडा वाजत वाजत येतो आणि समेवर थाप पडते तेव्हा मान आपोआप हलते ना, तसं या पानांवर होतं, फक्त इथे मानेऐवजी डोळा हलतो. गुलासीच्या सारख्या पट्ट्यांत हे होत नाही. केनच्या उडणाऱ्या माणसात तर नाहीच नाही, तिथे सगळं एकाच दणक्यात संपलेलं असतं.

अजून एक, आणि हे तू काढायला बसशील तेव्हा उपयोगी पडेल. कॉमिकमध्ये हालचाल कागदावर नसतेच. दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या फटीत असते आणि ती वाचक स्वतःच्या डोक्यात करतो. नवीन पोरं मारामारी काढताना प्रत्येक स्टेप काढतात, हात मागे, हात पुढे, हात लागला, माणूस पडला. चार चौकटी गेल्या आणि वाचकाला करायला काही उरलंच नाही. आखा सुरुवात दाखवतो, संपर्काचा ठिपका दाखवतो आणि शेवट दाखवतो, मधला रस्ता खातो. मधला रस्ता आपण आपल्याच शरीराने पुरा करतो म्हणून तो लागतो. त्याच्या पानांवर त्या वेगाच्या रेघा पण फार नसतात बघ, गरजच नाही.

दिशा पण बघ जरा. आपण देवनागरी डावीकडून उजवीकडे वाचतो, इंग्रजी पण तसंच, म्हणजे डावीकडून उजवीकडे जाणारा फटका नजरेच्या प्रवाहाबरोबर जातो, सोपा लागतो, जिंकल्यासारखा वाटतो. उजवीकडून डावीकडे येणारा फटका नजरेच्या विरुद्ध येतो, तो अडवतो, दुखतो. चांगला चित्रकार हे मुद्दाम वापरतो. कोणतीही मारामारीची दोन पानं घे, ट्रेसिंग पेपर ठेव, आणि फक्त जोराची दिशा बाणांनी काढ, चेहरे कपडे काही नको. बाणांची वाट एका चौकटीतून दुसरीत सरळ ओघळत गेली तर पान बरोबर आहे. सगळे बाण एकमेकांवर आदळत असतील तर वाचक भांबावणार, मग आकृती कितीही भारी असू दे. मी ज्युनियर लोकांना हेच करायला लावतो आणि ते वैतागतात.

शाईचं पण बोलायला पाहिजे. आखा स्वतःची शाई स्वतः करतो, काळा रंग सढळ हाताने, चेहऱ्यावर दोन-तीन रेघा आणि बाकी सावली. त्यात ऐंशीच्या दशकातला डेव्हिड मॅझुकेली आठवतो, खूप लोक म्हणतात आणि ते खरं आहे. याचा फायदा असा की डॅनीचा तो हिरवा-पिवळा ड्रेस, बेंबीपर्यंत उघडी छाती, वर ड्रॅगनचा डाग, ही १९७४ ची फॅशन, कोणीही काढली तरी हसू यायची शक्यता. आखाच्या हातात ते कापड वाटतं. सुरकुत्या पडतात, सावलीत हिरवा काळा होतो. आणि हॉलिंग्जवर्थने रंग दाबून ठेवलेत, न्यूयॉर्क राखाडी-निळं, जुना काळ मातकट, त्यामुळे मूठ पेटते तेव्हा पानावर तेवढंच पेटतं. दर पानावर चमक असती तर ती मूठ कोणाच्या लक्षात राहिली असती?

बरं, आता चित्रकार बदलण्याची शंका. इथे स्टोरी येते.

ब्रुबेकर-फ्रॅक्शनने केलेली सगळ्यात हुशार गोष्ट म्हणजे त्यांनी डॅनीला एकटा ठेवला नाही. तो सहासष्टावा आयर्न फिस्ट आहे. त्याच्या आधी पासष्ट होऊन गेलेत. आपल्यातल्या जुन्या लोकांना ही कल्पना लगेच पचेल, कारण इंद्रजाल कॉमिक्समध्ये मराठीतून वेताळ वाचलेला असतो, एकविसावा वेताळ, कवटीच्या गुहेत बापजाद्यांच्या पराक्रमाच्या वह्या, लोकांना वाटतं हा अमर आहे पण प्रत्यक्षात पिढ्या बदलतायत. इथेही तसाच एक ग्रंथ आहे, आयर्न फिस्टचा ग्रंथ, सगळ्यांचे किस्से आणि युक्त्या त्यात. फरक एवढाच की वेताळाच्या जगात वारसा म्हणजे सरळ अभिमान. इथे तो संशयास्पद आहे.

कारण डॅनीच्या आधीचा जो आहे, ओर्सन रँडल, तो पळालेला माणूस आहे. पहिल्या महायुद्धात लढला, त्यात आतून मोडला, कुनलुनला परत गेल्यावर त्याला गूढ शहरांच्या योद्ध्यांच्या स्पर्धेत उतरायला सांगितलं तर नाही म्हणाला, प्रकरण हातघाईवर आलं, एक जण त्याच्या हातून मेला आणि तो ग्रंथ घेऊन फरार. सिरीज सुरू होते तेव्हा तो बँकॉकमध्ये अफूच्या नशेत पडलेला म्हातारा आहे. आणि लढतो कशाने तर पिस्तुलाने, गोळ्यांमध्ये ची (अंगातली ऊर्जा) भरून. कुंग फू कॉमिकमध्ये सर्वोच्च योद्धा पिस्तुल घेऊन फिरतोय! माझ्या मते सिरीजमधला बेस्ट शोध तो. एका फटक्यात कळतं की याने सगळे नियम सोडलेत आणि तरी ताकद त्याला सोडत नाहीये. आणि पुढे उलगडतं की डॅनीचा बाप वेंडेल याच ओर्सनच्या हाताखाली वाढलेला, म्हणजे बाप ते शहर का शोधत होता याचं उत्तर मिळतं. १९७४ च्या गोष्टीत ते नुसतं एक कारण होतं हिमालयात जायला. तेहतीस वर्षांनी कोणीतरी त्या भोकात गोष्ट भरली. आधीचं काही खोटं पाडलं नाही, फक्त जिथे कोणी विचारलंच नव्हतं तिथे विचारलं.

तर, चित्रकार. आजचा डॅनी आखा काढतो. शेकडो वर्षांपूर्वीचे आयर्न फिस्ट बऱ्यापैकी ट्रॅव्हल फोरमन काढतो, लवचिक, थोडं दंतकथेसारखं. आणि ओर्सनच्या जुन्या दिवसांसाठी त्यांनी चक्क जॉन सेव्हरिन, रस हीथ अशा म्हाताऱ्या मंडळींना बोलावलं. हे कोण, तर १९५०-६० च्या काळात ज्यांनी अमेरिकन युद्धकॉमिक्स गाजवली ते. सेव्हरिन तेव्हा पंच्याऐंशीच्या आसपास. आता विचार कर, जुना जमाना दाखवायला तपकिरी रंगाचा फिल्टर टाकणं सगळ्यांनाच येतं. यांनी जुना जमाना दाखवायला त्या जमान्यातला हात आणला. गणवेशाची घडी, बंदूक धरायची पद्धत, रेघेतली ती दाट आडवी-उभी जाळी, हे सगळं नक्कल नाही, अस्सल आहे. एकाच अंकात कॉमिक्सच्या साठ वर्षांच्या हस्ताक्षरांतून वाचक जातो आणि त्याच वेळी गोष्ट सांगतेय की ही मूठ हातातून हातात आलीय. यापेक्षा नेमकं अजून काय करायचं?

अर्थात तुझं म्हणणं पूर्ण चूक नाही. सगळ्या जागी हे ठरवून केलेलं नाही. आखा हळू काम करतो, महिन्याला अंक हवा, दुसऱ्या भागात, म्हणजे ८ ते १४ या अंकांत, काही पानं निव्वळ डेडलाईनसाठी दुसऱ्यांनी केलीत आणि ते दिसतं. आजचा डॅनी एका पानावर आखाचा आणि पुढच्यावर वेगळ्याचा झाला की तिथे अर्थ वगैरे काही नाही, उशीर आहे. पहिल्या सहा अंकांत शिस्त आहे, तिथे हात बदलला की काळ बदलला, हा नियम धरून परत वाच, गोंधळ जाईल.

सातवा अंक वेगळाच आहे, त्यात डॅनी नाहीच. वू आओ-शी, सोळाव्या शतकातली पहिली बाई आयर्न फिस्ट, पुढे पिंगहाय बे इथल्या समुद्री चाच्यांची राणी. कुनलुनमधली अनाथ चोर पोरगी, एका मासेमार कोळ्यावर जीव जडतो, त्याला ही मारामारीची जिंदगी बघवत नाही. एका अंकात आख्खं आयुष्य. पंधरावाही असाच सुटा, अफूच्या युद्धातला बेइ बँग-वेन. हे सुटे अंक म्हणजे त्या ग्रंथाची फाडून हातात दिलेली पानं, आणि लांब कथानकापेक्षा मला हे जास्त आवडतात हे आधीच सांगून ठेवतो.

दुसऱ्या भागात स्वर्गाच्या सात राजधान्या, प्रत्येक शहराचा एक अमर योद्धा, आणि स्पर्धा. ऐकायला एकदम सरधोपट, स्पर्धा म्हटलं की हिरो एकेक करून सगळ्यांना हरवणार. इथे डॅनी पहिल्याच लढतीत हरतो. फॅट कोब्रा नावाचा अवाढव्य, हसरा, खाण्यापिण्याचा शौकीन माणूस त्याला सरळ झोपवतो. आणि इथे चित्र आणि गोष्ट परत एक होतात, कारण इतके अंक आपण त्या बारीक चौकटी डॅनीच्या बाजूने वाचत आलेलो असतो, संपर्काचा ठिपका म्हणजे डॅनीचा विजय अशी सवय लागलेली असते, आणि आता ते ठिपके त्याच्यावर पडायला लागतात. पद्धत तीच, मालक बदलला.

बाकी योद्ध्यांची नावंच बघ, नऊ कोळी-किड्यांची नवरी, कुत्रा बंधू नंबर एक, वाघाची सुंदर लेक, अनाथांचा राजपुत्र. शेवटचा जो आहे, जॉन अमान, तो १९३९ च्या अमेझिंग मॅन नावाच्या कॉमिकमधून उचललेला, बिल एव्हरेटने बनवलेला, तिबेटात भिक्षूंनी वाढवलेला अनाथ पोरगा. आणि आयर्न फिस्ट बनवताना रॉय थॉमसच्या डोक्यात तोच अमेझिंग मॅन होता. म्हणजे ज्याच्यावरून हिरो सुचला त्यालाच तेहतीस वर्षांनी हिरोसमोर आखाड्यात उभं केलं. वारसा वारसा म्हणतोय तो हा असा पार बाहेरपर्यंत जातो.

स्टोरीत खोट कुठे आहे तर गर्दीत. दुसऱ्या भागात एकीकडे स्पर्धा, दुसरीकडे कुनलुनमध्ये लेइ कुंग चोरून पोरींची फौज तयार करून बंडाची तयारी करतोय, तिसरीकडे हायड्रा या मार्व्हलमधल्या खलनायकी संघटनेचा झाओ रेल्वेतून बॉम्ब पाठवून शहर उडवायला निघालाय, चौथीकडे न्यूयॉर्कमध्ये डॅनीचे साथीदार ल्यूक केज, मिस्टी नाईट, कॉलिन विंग, आणि वर ओर्सन-वेंडेलचा भूतकाळ. सात अंकांत एवढं सगळं. रेल्वेचा धागा चांगला पेरलाय, पहिल्या अंकात जो कंटाळवाणा बिझनेस सौदा वाटतो तोच पुढे शस्त्र होतो, पण अमर योद्ध्यांना मात्र जागाच मिळत नाही, दोन पानं येतात, एक भारी पोज देतात, गेले. स्पर्धा सुद्धा पूर्ण बघायला मिळत नाही. वाचकाची जरा फसवणूकच ती. फॅट कोब्राला पुढे २००९ ला इमॉर्टल वेपन्समध्ये जेसन एरनने स्वतंत्र अंक दिला, म्हातारा स्वतःचं आयुष्य विसरलाय म्हणून चरित्र लिहायला माणूस ठेवतो अशी भन्नाट गोष्ट, ती नक्की वाच.

आणि एक मोठा प्रश्न, गोरा पोरगा आशियाई शहरात जाऊन तिथल्या सगळ्यांपेक्षा भारी होतो, हे जुनंच दुखणं. २०१७ ला टीव्ही मालिका आली तेव्हा यावर खूप भांडणं झाली. ही सिरीज त्यातून पूर्ण सुटत नाही. पण डॅनीला रांगेतला एक करून, त्याच्या मागे वू आओ-शी आणि बेइ बँग-वेन उभे करून, आणि कुनलुनची सत्ता सडकी आहे, तिला पाडणारे तिथलेच लोक आहेत असं दाखवून, तिने त्याचा आकार तरी कमी केला. २०२२ पासून मार्व्हलने लिन ली या चिनी पोराकडे ही मूठ दिली. वारशाची रचना आधीच पक्की केलेली होती म्हणून ते ओढूनताणून वाटलं नाही.

कुठपर्यंत वाचायचं? ब्रुबेकर १४ व्या अंकानंतर गेला, फ्रॅक्शन आणि आखाचा शेवटचा १६ वा. तो शेवटचा अंक अजिबात चुकवू नको, डॅनीचा तेहतिसावा वाढदिवस, आणि ग्रंथ चाळताना कळतं की ओर्सन सोडला तर आधीचे आयर्न फिस्ट तेहतिसाव्या वर्षीच मेलेत. मारामारी नावाला, पण आखा शांत पानं किती चांगली मांडतो ते तिथे दिसतं. पुढे डुएन स्विअरचिन्स्की आणि फोरमन यांनी २७ पर्यंत नेलं, आठव्या शहराची भानगड, वाईट नाही पण ती लय गेली. पहिल्या १६ अंकांचा एकत्र खंड मिळतो, त्यात ओर्सनचा स्पेशल अंकही आहे, सुटे अंक जमवत बसू नको.

तो झाला की फ्रॅक्शन-आखा-हॉलिंग्जवर्थ याच तिघांचं २०१२ चं हॉकआय घे. तिथे त्याच बारीक चौकटी मारामारी सोडून रोजच्या जगण्याला लावल्यात, ११ वा अंक तर पूर्ण एका कुत्र्याच्या डोक्यातून, वास आणि आवाज छोट्या चिन्हांत काढून. मग परत आयर्न फिस्टचा पहिला अंक उघड आणि हायड्राबरोबरच्या मारामारीत फक्त बारीक चौकटी अंगठ्याने झाकून वाच. पान कळेल, पण फटका लागणार नाही. स्वतःची पहिली दोन पानं काढलीस की थंबनेल, म्हणजे छोटे कच्चे आराखडे, दाखव, फायनल नको, पेन्सिलचे डाग चालतील.